डब्यातली हळद

कैनाड, ८ डिसेंबर

सौ. मयूरीस,
अनेक आशीर्वाद. तुझ्या बाबांचा मोडलेला पाय कसा आहे? तू माहेरी निर्धास्त राहा, प्रितेशकडे आणि रियाकडे मी बघते आहे. त्याने तुमचा फोन विहिरीत टाकला, म्हणून माझाही मी बंद ठेवलाय. मासळीवाल्या बारकीच्या टोपलीतून पत्रं येतात, तेव्हा बोंबलाचा वास सहन कर.

आमच्या ह्यांनी वापीला एक व्याख्यान ऐकलं. स्किझोफ्रेनियाचं मूळ म्हणे पोटात असतं; आहार सुधारला की मेंदूतली रसायनं ताळ्यावर येतात. तलासरीहून त्यांनी जीवनसत्त्वांच्या बाटल्या धाडल्यात. गहू बंद केलाच आहे, आता दूधही बंद करणार. औषध सोडूनही माझा भाऊ प्रितेश वर्षभर बरा राहिला, मग या आहारानं तर पुरताच बरा होईल.

लोभ आहेच, तो वाढता असू दे.
तुझी हिरकणीताई

वरोर, ११ डिसेंबर

ती. ताईंस,
सा. न. वि. वि. बाबा कुबडी घेऊन ओट्यावर येतात आणि सगळ्यांवर ओरडतात, म्हणजे बरे आहेत.

भाऊजींनी सांगितलेला आहार खुशाल करा. पण ताई, ह्यांचं रात्रीचं हळदीचं दूध मोडू नका. फळीवरच्या पितळी डब्यातलीच हळद चमचाभर घाला. त्याशिवाय ह्यांना झोप लागत नाही. एवढं माझं ऐका.

रियाला पापा. आपली माया अशीच राहू द्या.
आपली मयूरी

कैनाड, १४ डिसेंबर

सौ. मयूरीस,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र यायच्या आधीच दूध बंद झालं होतं. प्रितेश म्हणतो, तोंडाचा कडवटपणा गेला, डोकं लख्ख झालं. फक्त झोपत नाही. चिकूच्या वाडीत फिरतो, मध्येच कुणाचं तरी ऐकत थांबतो. आमचे हे म्हणतात, शरीर शुद्ध होताना असं होतं. हल्ली तो स्वतः उकडलेलंच खातो, माझ्या हातचं नको म्हणतो. मला वाईट वाटलं.

तुझी हळद वाया कशाला घालवायची, म्हणून कालवणात घालते. चव जरा कडू येते, पण रिया खाते. ती शाळेत पेंगते अशी बाईंची तक्रार आहे. मलाही इथल्या हवेत फार सुस्ती येते. म्हातारी झाले गं.

आठवण ठेव.
तुझी हिरकणीताई

वरोर, १५ डिसेंबर

ती. ताईंस,
सा. न. हे पत्र एकटीने वाचा आणि चुलीत घाला. डब्यातल्या हळदीत ह्यांच्या गोळ्यांची पूड आहे. हे गोळ्या थुंकून टाकायचे, म्हणून वर्षभर मी डॉक्टरांनाही न विचारता दुधातून देत आले. हे औषधाशिवाय बरे नव्हते, ताई. तुमच्या पोटात काही राहत नाही, म्हणून तुम्हाला बोलले नाही. माझं चुकलं.

कालवण फेका. रियाला घेऊन आत्ताच्या आत्ता डहाणूला डॉक्टरांकडे जा. ह्यांच्याशी वाद घालू नका. बारकी निघालीच आहे, तिच्या हाती देते. बाबांजवळ कुणाला बसवून मीही मागोमाग रिक्षाने येते.

माझ्या लेकीला सांभाळा.
मयूरी

कैनाड, १५ डिसेंबर

प्रिय मयूरी,
हे पत्र दाराच्या कडीला अडकवतो आहे, म्हणजे आत येण्याआधी वाचशील. बारकीकडून तुझं पत्र मीच घेतलं. ताई झोपली होती, रियाही. रियाच्या तोंडावर पाणी मारलं, तेव्हा कुठे तिने डोळे उघडले.

मी वर्षभर सांगत होतो, या घरात मला कुणीतरी काहीतरी खाऊ घालतंय. तू माझ्या केसांतून हात फिरवायचीस आणि म्हणायचीस, भास आहे. तो भास नव्हता. मग बाकीचे आवाज जे सांगतात, तेही खरंच असणार. तुझ्याबद्दल ते बरंच सांगतात.

मी ओरडणार नाही. दार नुसतं लोटलेलं आहे. दूध तापवलंय, डब्यातली सगळी हळद त्यात घातली आहे. रियाला म्हटलं, आई आली की घेऊ. पहिला घोट तू घे.

तुझा लोभ खरा होता की नाही, ते आज कळेल.
प्रितेश