दोन लॅब, एक लॉगिन

१४ सप्टेंबर, रविवार

माफ कर. गणपतीच्या आधीपासून इथे एक ओळ नाही. वेळ नव्हता हे खोटं — वेळ होता, तो मोबाइलवर घालवला. इथे लिहायला बसलं की स्वतःला प्रश्न विचारावे लागतात, ते टाळत होते.

आता टाळून चालणार नाही. मालाडची पॅथॉलॉजी लॅब आमच्या लॅबमध्ये आली. त्यांनी तिकडची जागा सोडली. माणसं, मशीन सगळं साकीनाक्याला, आमच्याच डोक्यावर, वरच्या मजल्यावर. त्यांचे कॉम्प्युटर सांभाळणारा, माझ्यासारखाच सिस्टिमवाला, एडवर्डही आला. शुक्रवारी मोठ्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. "दोन्ही मजल्यांची सिस्टिम एकाच्या हातात हवी. दिवाळीआधी ठरवतो. दुसऱ्यानं त्याच्या हाताखाली काम करायचं. चालेल ना?"

दोघंही चालेल म्हणालो. मला चालणार नाही. हे फक्त इथे लिहितेय. ती खुर्ची मला हवी आहे.

एडवर्डकडे वरचं वायरिंग दिलंय. माझ्याकडे लॉगिन. कुणीही कुठल्याही मजल्यावर नाव-पासवर्ड टाकला की आत गेला पाहिजे. निलेशनं जेवताना विचारलं, "यात एवढं काय?"

"आपल्या सोसायटीच्या दोन विंग आहेत ना? दोन वॉचमन. एकाला दुसऱ्या विंगची माणसं माहीत नाहीत. तसे आमच्याकडे दोन वॉचमन, त्यांना डोमेन म्हणतात. कॉम्प्युटरनं कुणाकडे जाऊन विचारायचं ते मला ठरवून द्यायचंय."

"आणि भलत्याकडे गेलं तर?"

"तर तो सांगणार, या नावाचं इथे कुणी राहत नाही."

"मग एकच वॉचमन ठेवा की."

नवरा हुशार आहे. तेच करणार, पुढच्या वर्षी. तोवर दोन.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

चाललं! प्रत्येक मशीनच्या नावासमोर त्याचं डोमेन लिहून दिलं. मशीन सुरू झालं की ते बघतं आणि लॉगिनच्या खिडकीत बरोबर डोमेन आपोआप येतं. वरच्या काउंटरवरच्या ऑलिव्हनं पासवर्ड टाकला, आत गेली आणि मान वर न करता म्हणाली, "झालं? मला वाटलं काहीतरी दिसेल." याहून मोठं सर्टिफिकेट नाही.

एडवर्ड वायरचं भेंडोळं खांद्यावर टाकून उभा होता. "झकास," म्हणाला. मी त्याच्या चेहऱ्यावर खोट शोधली. सापडली नाही. ती सापडली नाही याचं वाईट वाटलं — हे काही बरं नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

दोन्ही मजले झाले. एक तक्रार नाही. डॉक्टर जिन्यात भेटले. "जानकीबाई, आजकाल फोन वाजत नाही तुमचा."

"तोच रिपोर्ट आहे सर."

घरी पोचेपर्यंत या उत्तरावर खूश होते.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. उद्या सुट्टी, म्हणून पूजा आजच. दोन्ही लॅब एक झाल्या तर पूजाही एकच व्हावी, ही डॉक्टरांच्या बायकोची इच्छा. संध्याकाळी दोन्ही मजल्यांवरचे सगळे सीपीयू खालच्या हॉलमध्ये आणून सतरंजीवर मांडले, मायक्रोस्कोपच्या शेजारी. प्रत्येकाला हळदकुंकू, वर झेंडू. छान दिसत होते. मी प्रसाद वाटत होते. परत टेबलांवर न्यायला सगळ्यांनीच हात लावला.

"पूजा तुमची, हमाली आमची," एडवर्ड म्हणाला आणि पेढे दोन घेतले.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

वाट लागली.

सकाळी खुर्च्यांवर उपाशीपोटी आलेले पेशंट, आणि वर ऑलिव्हला आत जाता येईना. खालच्या काउंटरवरच्या प्रीतमला येईना. त्याच्या शेजारच्या टेबलावर मात्र सगळं सुरळीत. सरसकट बंद पडलं असतं तर परवडलं असतं. ऑलिव्ह म्हणाली, "पासवर्ड विसरलीस का म्हणून विचारू नकोस. नवऱ्याचं नाव आहे. विसरायची इच्छा असली तरी जमत नाही."

मी सर्व्हर तपासत बसले. एडवर्ड सरळ तिच्या टेबलाखाली वाकला. "जानकी, हा सीपीयूचा डबा तुमचा आहे. खालचा."

सतरंजीवर सगळे काळे डबे एका रांगेत होते. परत नेताना हाताला लागेल तो प्रत्येकानं उचलला. त्यांना प्लग कुठे लावायचा तेवढंच ठाऊक. माझ्या नियमाला डब्याचं नाव ठाऊक, तो कुठे बसलाय ते नाही. ऑलिव्हच्या टेबलावर बसलेला डबा खालच्याच वॉचमनला विचारत होता, आणि तो इमानदारीत सांगत होता — ऑलिव्ह नावाचं इथे कुणी नाही.

टेबलाटेबलावर जाऊन हातानं डोमेन निवडून दिलं. रांग हळूहळू सरकली. डॉक्टर स्वतः पेशंटची माफी मागत फिरत होते. ते लागलं.

चहाच्या टपरीवर एडवर्ड म्हणाला, "डबा फिरतो गं. भिंतीतला सॉकेट पूजेला उठून येत नाही. वायर कुठल्या मजल्याची ते बघायला सांग मशीनला."

"हे तुला आधीच सुचलं होतं?"

"वायरिंग करताना."

"मग बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस?"

राग आला. रिक्षात बसल्यावर मात्र मनात आलं, त्याच्या जागी मी असते तर बोलले असते का? नसते.

५ ऑक्टोबर, रविवार

लॅब दुपारी बंद झाल्यावर गेले. मी बोलावलं नव्हतं, तरी एडवर्ड चर्चमधून थेट आला. जुना नियम काढून टाकला. आता मशीन आधी आपली वायर कुठल्या मजल्याची ते पाहतं, मग डोमेन ठरवतं. मी लिहीत होते, तो डबे खाली-वर करत होता.

"हा बघ."

चाललं.

"आता हा. मुद्दाम वाकडा लावलाय."

तोही चालला. मग आम्ही दोघंही उगाच हसत सुटलो. त्याच्याबरोबर काम करायला मजा येते. हे लिहायला नको होतं, पण खरं आहे.

८ ऑक्टोबर, बुधवार

आजचा दिवस माझा! डॉक्टर सगळ्यांना घेऊन हॉलमध्ये आले. "पुन्हा पूजा घालू का?" म्हणाले. मी म्हटलं, "घाला." प्रीतमचा डबा वर पाठवला, ऑलिव्हचा खाली आणला, डॉक्टरांच्या बायकोच्या हातून आणखी दोन बदलून घेतले. सगळे लॉगिन झाले. पहिल्या फटक्यात. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. एवढ्या वर्षांत सिस्टिमच्या कामाला टाळ्या मिळालेल्या मला आठवत नाहीत.

"शाब्बास! हे सुचलं कसं तुम्हाला?"

एडवर्ड दाराशी मोबाइलमध्ये बघत होता. तो काही बोलला नसता.

"सुचलं एडवर्डला. मी लिहिलं. माझा पहिला नियम चुकला होता."

डॉक्टरांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

निलेशला सांगितलं तर म्हणाला, "कसं सुचलं विचारलं ना? कुणाला सुचलं असं कुठे विचारलं?"

"उत्तर तेच होतं."

"बावळट आहेस," म्हणाला आणि माझ्या ताटात सुरमईचा आणखी एक तुकडा वाढला.

चांगलं दिसावं म्हणून बोलले का? थोडंसं. आणि चूक उघड मान्य करणारीलाच खुर्ची देतील, हा हिशोबही मनात होता. तोही लिहून ठेवते. पण बोलून टाकलं. इतकं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. खुर्ची माझीच.

१३ ऑक्टोबर, सोमवार

एडवर्ड. "त्याला पुढचं आधी दिसतं," डॉक्टर म्हणाले. "आणि तुमच्यासारखं खरं बोलणारं माणूस त्याच्या हाताखाली असलं की मला काळजी नाही."

उद्या: एडवर्डच्या लॉगिन-खात्याला दोन्ही डोमेनचे सर्वाधिकार देणे. सध्या ते फक्त माझ्या खात्याला आहेत.