बदली रद्द झाल्यावर

कोलकाता, २ मे २०२५

ती. सरलाताईस,
सा. न. वि. वि.

यांच्या बँकेतून कळलं, बदली रद्द. अजून दोन वर्षं इथेच. मी आनंदाने सगळ्या मजल्यावर संदेश मिठाई वाटली. परत खोकी बांधायला नकोत, या वयात तेवढंच सुख.

आभाही शांत झाली आहे. नापास झाल्यापासून सबंध हिवाळा कॉलेजला गेली नाही, धड जेवली नाही, तुला कळवलंच होतं. आता रडत नाही, हसून बोलते, कपाट आवरते. तिचं लाडकं वाद्य, तो एस्राज, खालच्या छोट्या मिष्टूला देऊन टाकला. दुर्बीण तुला पाठवली आहे. मावशीला पक्षी बघायला होईल म्हणाली. प्रत्येक बदलीआधी आम्ही सामान वाटतोच, त्याच सवयीने ती अजून वाटते आहे. तरी मला चैन नाही. पुसलेलेच डबे पुन्हा पुसते आहे. कशाने, ते तूच सांग.

माया असू दे.
तुझी,
विजया

सांगली, ७ मे

चि. विजूस,
अनेक आशीर्वाद.

दुर्बीण आत्ताच मिळाली. माझ्या कानांना फोन झेपत नाही, म्हणून केदार या पत्राचा फोटो लगेच तुझ्या मोबाइलवर पाठवतो आहे. वाचलंस की हातातलं काम ठेव.

बदली रद्द झाली, मग पोरगी सामान का वाटते आहे? ही दुर्बीण तिने माझ्या केदारलाही कधी हाताळू दिली नव्हती. मला भीती वाटते. तिला सरळ विचार, जीव द्यावासा वाटतो का. शाळेत आम्हां शिक्षकांना समुपदेशक बाईंनी शिकवलं होतं, विचारल्याने ते मनात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. रागावू नकोस, उपदेश करू नकोस, ऐक. एकटी ठेवू नकोस. १४४१६ वर टेलिमानसची माणसं चोवीस तास बोलतात, आभाच्या बाबांना, चारुदत्तांना, फोन लावायला सांग, आणि आजच डॉक्टर गाठा.

डबे पुसणं पुरे कर, वेडाबाई.
तुझी,
सरलाताई

कोलकाता, ९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विचारलं. ती चादरीची घडी घालत होती, मी दुसरं टोक धरलं आणि विचारलं. हो म्हणाली. मग संध्याकाळपर्यंत बोलत होती.

नवं गाव, नवं कॉलेज, नापास झालेली कुणाला ठाऊक नाही, एवढ्याच आशेवर ती दिवस काढत होती. ती आशा गेली त्या दिवशी मी संदेश वाटले, ताई. तिलाही एक भरवला.

हे आणि मी आळीपाळीने तिच्याजवळ असतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत. उद्या पुन्हा बोलावलं आहे.

लोभ आहेच, थोडा धीरही पाठव.
विजया

कोलकाता, १५ जून

ती. मावशीस,
नमस्कार.

आई म्हणते मराठीतच लिही. काही दिवस बरे जातात, काही नाही. वाईट दिवस असला की आता सांगते. आई लगेच काम टाकून शेजारी बसते, जरा जास्तच बसते.

एस्राज मिष्टूकडेच आहे, मी तिला शिकवायला जाते. दुर्बीण मात्र परत पाठव. रविवारी बाबांबरोबर हुगळीकाठी बजबजला जहाजं बघायला जायचं आहे. त्याच्या पुढच्या रविवारीही लागेल.

तुझीच,
आभा