आईचे दात

३ फेब्रुवारी

बायकोच्या आठवणींच्या पुस्तकावर सिनेमा करणाऱ्या दिग्दर्शिकाबाई आज सरळ लॅबमध्येच आल्या. मी एका कवळीला पॉलिश करत होतो, हात कोपरापर्यंत पांढरे. बसा म्हणालो तर स्टूल आधी रुमालाने पुसलं, मग बसल्या.

त्या मोठ्या नटीला काढलं म्हणे. ‘तारखा जुळल्या नाहीत’ असं छापून येणार आहे. खरं कारण सगळ्यांना माहीत आहे. मिठागरावरच्या मुलीचं काम, आणि या गोऱ्यापान बाईला काळा रंग फासून उभी करणार होते! हिच्या, म्हणजे बायकोच्या, भावाचं वाक्य तर पेपरात मोठ्या अक्षरात आलं होतं — ‘आमच्या उन्हाचा रंग डबीत मिळत नाही.’ मेहुणा असं बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं. एरवी ‘बरं’ आणि ‘बघू’ यापुढे गाडी जात नाही.

“आता तिकडचीच मुलगी घेतोय,” बाई म्हणाल्या. “तुमची.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. लेकीने या कामाची चाचणी दिली आहे. मला म्हणाली होती, मैत्रिणीकडे जाते.

“काम फार छान करते हो. डोळे मिटून ऐकलं तर पुस्तकातलीच मुलगी. फक्त —” बाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. “ती तुमच्यावर गेली आहे.”

म्हणून थोडा रंग लावायचा. ‘थोडासाच, आणि घरचीच मुलगी, कोण काय बोलणार?’ आणि दात. मिठागराच्या विहिरीच्या पाण्याने तिथल्या सगळ्यांच्या दातांवर तपकिरी पट्टे येतात. हिने पुस्तकात त्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे. तर ते दात मी करायचे. लेकीच्या दातांवर चढवायचे, पातळ.

ही गेल्यावर पुस्तकाचे हक्क माझ्याकडे आले. मुख्य काम कोणाला द्यायचं हे मला विचारूनच ठरेल, असं हिने सिनेमाचा करार करतानाच कबूल करून घेतलं होतं. आजारी होती, पण त्या बाबतीत हटली नाही.

विचार करून सांगतो म्हणालो.

४ फेब्रुवारी

लेकीला विचारलं, मला का नाही सांगितलंस?

“सांगितलं असतं तर ‘विचार करून सांगतो’ म्हणाला असतात.”



नंतर भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून, बोलत राहिली. सुट्टीत मामाकडे गेलं की मामाची मुलं तिला ‘पाहुणी’ म्हणायची. आईच्या सगळे गळ्यात पडायचे, हिला खुर्ची द्यायचे. “आई गेली त्या दिवशीसुद्धा, बाबा. सगळ्या बायका खाली बसल्या होत्या आणि मामीने मला खुर्ची आणून दिली. तुमच्या शेजारी.”

मला खुर्च्या आठवल्या. दोनच होत्या. मी तेव्हा ते मानाचं समजलो होतो.

“हे काम मी केलं ना, तर —” आणि नळ मोठा सोडला.

५ फेब्रुवारी

बाईंना होकार कळवला.

९ फेब्रुवारी

दात झाले.

हिच्या तोंडाचा साचा मी ठेवला होता. दाढेची कॅप केली तेव्हाचा. एरवी काम झालं की साचे फेकतो, नाहीतर लॅबमध्ये पाय ठेवायला जागा उरायची नाही. हा ठेवला.

रंग लावायला दिवसाउजेडीच बसलो. ट्यूबलाइटखाली तपकिरी रंग हिरवट दिसतो. पुढच्या दोन दातांवर आडवे पट्टे, डावीकडचा जास्त गडद. सुळ्याच्या टोकाला खडूसारखा पांढरा ठिपका. बघावं लागलंच नाही कुठे. हात आपोआप चालत होता.

लेकीने चढवून बघितले. आरशात तोंड वेडंवाकडं केलं, मग माझ्याकडे वळून हसली.

मी पाणी प्यायला बाहेर गेलो. बराच वेळ पीत होतो.

१२ फेब्रुवारी

बाईंनी दात पाहिले. खिडकीपाशी नेऊन, उलटसुलट करून. त्यांच्या रंगभूषाकारानेही पाहिले. तो म्हणाला, काका, आमच्याकडे या नोकरीला.

बाई म्हणाल्या, “सुंदर आहेत. पण हे बाईचे दात आहेत. आपली मुलगी अठरा वर्षांची आहे.”

बरोबर आहे त्यांचं. टोकं झिजलेली, हिरड्या वर सरकलेल्या, पट्टे चहाने आणखी काळे पडलेले. मी हिचे शेवटच्या वर्षातले दात केले होते! इतकी वर्षं हेच काम करतो, गिऱ्हाइकाचं वय विचारल्याशिवाय मेण हातात घेत नाही. आणि हे लक्षातच आलं नाही.

पुन्हा करायला बसलो. जमेना. ही अठरा वर्षांची असताना मी हिला पाहिलंच नव्हतं. भेटली तेव्हा शिक्षिका होती, तिशीला टेकलेली. फोटो आहेत, पण एकातही तोंड उघडं नाही.

विचारायला एकच माणूस.

१५ फेब्रुवारी

मिठागरावर जाऊन आलो. ही गेल्यानंतर पहिल्यांदाच.

मेहुणा बांधावर उभा होता, लाकडी फावडं हातात. “या दाजी,” म्हणाला आणि काम चालूच ठेवलं. मीही उभा राहिलो. आम्ही दोघेही बोलणारे नाही. ही असली की हीच दोघांच्या वतीने बोलायची.

शेवटी मीच म्हटलं, ते डबीतल्या रंगाचं वाक्य चांगलं होतं.

“ते त्या पत्रकाराचं आहे. मी फक्त शिवी दिली होती.”

मग मी दातांचं विचारलं. त्याला वाटलं मी अशीच आठवण काढतोय. फावडं टेकवलं आणि चांगला खुलून बोलला. “ताई? ती कुठे दात दाखवायची! शहरातल्या शाळेत गेली ना, तिथे पोरी चिडवायच्या. तेव्हापासून हसली की हात तोंडावर. असा — आडवा नाही, मनगट उलटं करून. आम्ही नक्कल करायचो तिची. मार खायचो.”

मग कशासाठी विचारतो ते सांगितलं. लेकीचं नाव निघालं आणि त्याने फावडं पुन्हा उचललं.

“तिचे दात रंगवणार.”

“हो.”

“तोंडही.”

“थोडंसं.”

“मग त्या नटीनं काय घोडं मारलं होतं? तिला हाकललं ते कशाला?”

मी म्हटलं, ही ताईची मुलगी आहे.

“आहे ना. कोण नाही म्हणतंय? पण वळण सगळं तुमचं, दाजी. आमच्यात उभी केली तर कुणाकडे तरी आलेली वाटेल. रागावू नका. आमच्या पोरी आहेत की इथे, उन्हात भाजलेल्या. त्यांना कुणी विचारलं?”

रागावलो नाही. त्याचं खोटं नव्हतं. पण येताना सगळ्या रस्त्यात ते ‘कुणाकडे तरी आलेली’ डोक्यातून जाईना. लेकीला सांगितलं नाही. फक्त म्हटलं, रविवारी मामाकडे जायचं आहे, दात दाखवायला.

१८ फेब्रुवारी

लेक नवे दात घेऊन आली होती. मी अंदाजाने केले आहेत, कमी पट्ट्यांचे. डबी तिच्या पर्समध्ये होती.

मामीने खुर्ची आणली. दोन. आम्ही बसलो. मिठागरावरच्या चार-पाच बायका, मामाच्या मुली, सगळ्या ओसरीवर समोर खाली. मुलाखतच जणू. मेहुणा खांबाला टेकून.

मामीला शांतता सोसत नाही. तिने मेहुण्याचीच गोष्ट काढली — वर्तमानपत्रात फोटो आल्यापासून केस विंचरूनच कामावर जातात, खाऱ्या वाऱ्यात! मेहुणा म्हणाला, गप बस. मामी म्हणाली, तेलही लावतात.

लेक हसली. खळखळून. आणि हात तोंडावर गेला. मनगट उलटं करून.

तिचे दात पांढरेशुभ्र आहेत, मोत्यासारखे. तिला लपवण्यासारखं काही नाही. मी रोज बघतो तिला हसताना. मला ते कधी दिसलं नव्हतं.

ओसरीवरचं हसणं बंद झालं. एक म्हातारी मोठ्याने “अगं बाई!” म्हणाली. लेकीला कळेना काय झालं. “काय? काय झालं?” — हात अजून तिथेच. मामीने तिला दंडाला धरून खाली ओढलं, आपल्याजवळ. बायका तिला पुन्हा पुन्हा हसायला सांगत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

मी खुर्चीवर एकटाच राहिलो.

निघताना मेहुणा गाडीपर्यंत आला. “दाजी, त्या बाईला सांगा. काम हीच करेल. पण रंग नाही, दात नाहीत. आहे तशी उभी राहील. कोण बोलतो ते मी बघतो.”

१९ फेब्रुवारी

बाईंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, तेवढं खरं.

“तुमच्या मेहुण्यांना ती ओळखू येते. थिएटरात बसलेल्याला येणार नाही. त्याला एकच दिसेल — मिठागरावरची मुलगी, आणि पुन्हा एक गोरी घेतली. एवढा गोंधळ झाल्यावर! मी कोणाकोणाला त्या हाताची गोष्ट सांगत फिरू?”

तेही खोटं नाही.

एक दुसरी मुलगी पाहून ठेवली आहे म्हणाल्या. सावळी आहे, शोभते. मिठागराशी संबंध नाही. तर एक — रंग आणि दात लावून आमची. नाहीतर ती. “तुम्ही म्हणाल तसं.”

२० फेब्रुवारी

लेकीला दोन्ही बाजू सांगितल्या. मला वाटलं ती ठरवेल.

“मी रंग लावायला तयार आहे. मामाला समजावेन. पण तुम्ही सांगा, बाबा. आणि विचार करून सांगतो म्हणू नका.”

नाही म्हणालो तसं. लगेच सांगितलं — रंग लावू नकोस.

“म्हणजे काम सोड.”

“हो.”

“का?”

 त्या ओसरीवर तिला कोणी काही न लावता ओळखलं, एवढंच डोळ्यांसमोर होतं. ते म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, हिला आवडलं नसतं.

“तुम्हाला काय माहीत आईला काय आवडलं असतं? तिचे दातसुद्धा तुम्हाला मामाकडे जाऊन विचारावे लागले!”

खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

२१ फेब्रुवारी

बाईंना कळवलं — दुसऱ्या मुलीला घ्या, माझी हरकत नाही. त्यांनी दात मागितले, त्या मुलीसाठी. म्हटलं, तिला पाठवा, तिच्या मापाचे नवे करून देतो.

२६ फेब्रुवारी

लेक कामापुरतं बोलते. गॅस आलाय. दूधवाल्याला सांगा. तेवढंच.

१ मार्च

दुसरी मुलगी आली माप द्यायला. साधी आहे. सारखी विचारत होती, काका, मिठागरावरच्या लोकांना राग तर नाही ना येणार माझा? मी मापाचा साचा तिच्या तोंडात बसवला, मग तिला विचारता येईना.

५ मार्च

लॅबमधून आलो तर लेक घरी नाही. बॅगही नाही. चिठ्ठी नाही, फोन बंद.

६ मार्च

सकाळी तिचा फोन आला. मामाकडे आहे. रागातच वाटली. किती दिवस राहणार विचारलं — माहीत नाही म्हणाली. मागे वारा होता, बायकांचा कलकलाट होता. तेवढ्यात कोणीतरी लांबून हाक मारली. हिला माहेरी लहानपणापासून ज्या नावाने बोलवायचे, त्याच नावाने — ही गेल्यापासून मी ती हाक ऐकली नव्हती. 

“आले!” लेक म्हणाली, आणि फोन ठेवला.