अंगावरचा टाका

आई, त्या शनिवारबद्दल आपण दोघी पुन्हा कधी बोललो नाही. तू विषय काढला नाहीस आणि कुणी काढलाच तर मी उठून जायचे. तुला जाऊन आता एकोणीस वर्षं झाली.

प्लेनोच्या आपल्या घरून डॅलसच्या टीव्ही स्टेशनवर मी तुला ड्राइव्ह करून न्यायचे. दर शनिवारी संध्याकाळी कंट्री म्युझिकचा तो लाइव्ह शो, गाणी, फिडल, नाच, पांचट विनोद, आणि तू कपडेपटात. ऐंशीच्या दशकातले ते शर्ट! झालरी काय, चमचमते खडे काय! 'आपल्याकडच्या बँडवाल्यांनाही लाजवतील,' म्हणायचीस, पण एकेक खडा जीव लावून टाचायचीस. अमेरिकेतली तुझी पहिली नोकरी ती. त्या बॅजचं तुला केवढं अप्रूप, घरी आल्यावरही गळ्यातून काढायची नाहीस. लाइव्हमध्ये घोळ झाला की घरी, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी कॉलेजात होते. दुभाषी म्हणून बरोबर बसायचे, पण खरं तर तुला माझी गरज उरली नव्हती.

आणि त्या दिवशी गाणाऱ्या बाईच्या पाठीची शिवण टर्रकन उसवली. ब्रेक संपला की तिचंच गाणं. दीड मिनिट. फ्लोअर मॅनेजर बोटांनी सेकंद दाखवतोय, ती घामाघूम झालीय, आणि तू सुई ओवून नुसती उभी! 'अंगावर शिवत नाही मी. मेलेल्याचं शिवतात तसं. तिला म्हणावं, तोंडात दोरा धर, मग घालते टाका.' 'आई, प्लीज! इथे नाही चालत असलं काही.' 'सांगून तर बघ. सोन्यासारखी पोर आहे ती.' मी नाहीच सांगितलं. मग तूच दोरा पुढे केलास, 'माउथ, माउथ' म्हणालीस. ती घाबरून मागे सरकली. कुणीतरी पिना आणल्या, पण त्या लावेपर्यंत ब्रेक संपला आणि अख्ख्या टेक्ससने नुसता माइक बघितला. दहाच सेकंद असतील.

शो संपल्यावर प्रोड्यूसरने केबिनमध्ये बोलावलं. चिडला होता, पण माणूस वाईट नव्हता. तुझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, 'व्हाय?' तू पदर सारखा केलास, बोलायला तोंड उघडलंस. तेवढं इंग्रजी तू केव्हाच जमवलं होतंस. मी मध्येच घुसले, 'शी डिडन्ट अंडरस्टँड. हर इंग्लिश इज व्हेरी पुअर.' तो म्हणाला, जिला सांगितलेलं कळत नाही तिला लाइव्ह शोवर कशी ठेवू? तुझ्या एका वाक्याने मी खोटी पडले असते. तू माझ्याकडे बघितलंस आणि तोंड मिटलंस.

हायवेला लागल्यावर म्हणालीस, 'मला सगळं कळत होतं गं.' मी फणकारले, 'तुझी नोकरी वाचवायला बोलले मी!' 'हो का,' म्हणालीस. पुढे बाबांना, मावशीला तू तेच सांगितलंस, पोरीने माझ्यासाठी किती धडपड केली बिचारीने. नोकरी मात्र पुन्हा कुठेच केली नाहीस.

आई, तुझी नोकरी माझ्या मनातही नव्हती. दोऱ्याचं ऐकून ते हसले असते, तुला आणि मग मला. आईला इंग्रजी येत नाही, एवढं मला चालणार होतं. आजही हे मराठीत लिहितेय ते तुझ्यासाठी, असं मी म्हणाले असते. खरं सांगू? माझ्या मुलीला मराठी वाचता येत नाही, म्हणून मराठीत लिहितेय.