कुर्ल्याची काळी पट्टी

नाना, लोखंड विकत घ्यायला निघालेला तुमच्याइतका खूश माणूस मी आजवर पाहिलेला नाही. लोक लग्नाचा बस्ता बांधायलाही इतक्या उत्साहानं जात नसतील. शनिवारी ऑफिस अर्धा दिवस. दुपारी अंधेरीला घरी आलात की कोट खुंटीला, घाईघाईत दोन घास, आणि लगेच एका खिशात लोहचुंबक, दुसऱ्या खिशात रुमालात गुंडाळलेली बोटभर कानस. आई म्हणायची, भाजी आणायला सांगितली की ह्यांचे गुडघे दुखतात आणि कुर्ल्याच्या भंगारबाजारात चार चार तास उकिडवे बसतात तेव्हा काही होत नाही. तुम्ही तोवर चपला घालून दारात उभे असायचात आणि मला हाका मारत असायचात.

मागच्या व्हरांड्यात तुमचं लेथ होतं, धातू कातायचं, शिवणयंत्रासारखं पायानं चालवायचं, लढाईनंतर लष्कराच्या जुन्या सामानात मिळालेलं. त्यावर तुम्ही तळहातावर मावेल एवढं वाफेचं इंजिन करायला घेतलं होतं. दिवसभर फायलींवर शेरे मारणारा माणूस संध्याकाळी धोतर खोचून पितळेचा सिलिंडर कातायचा आणि त्याचा बारीक चुरा आमच्या तुरीच्या डाळीत यायचा. सिलिंडर जमला, चाक जमलं. अडलं ते क्रँकशाफ्टवर, म्हणजे मध्ये कोपरासारखा मोडलेला तो दांडा, ज्याच्यामुळे दट्ट्याचं पुढेमागे होणं चाकाच्या फिरण्यात बदलतं. तुम्ही तो सपाट पट्टीतून कोरून काढत होतात. दोन केलेत आणि दोन्ही वाकले. प्रत्येकाला दीड-दोन महिन्यांचे रविवार गेले होते. नको तो भाग कापून काढला की सरळसोट पट्टी आपोआप वळायची आणि तुम्ही सुतक आल्यासारखे पायरीवर बसायचात. दुसऱ्या वेळी तर म्हणालात की हे माझ्या हातून होणार नाही, लेथ विकून टाकतो. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, कॉलेजात जात होते, आणि तुम्हाला असं हरलेलं पहिल्यांदाच बघत होते.

म्हणून त्या शनिवारी बसमध्ये तुम्ही अचानक म्हणालात, "या खेपेला तू निवड. मी तोंड उघडणार नाही. हिच्यातूनही जमलं नाही, तर लेथ विकायचं."

आता आपण दुकानात आहोत. दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि खाली डोंगर: दांडे, नळ्या, पट्ट्या, जहाजावरच्या कड्या, कसल्या तरी गाड्यांची दात पडलेली चाकं. तेलाचा आणि गंजाचा तो वास मला अजून येतो आणि अजून आवडतो. तुम्ही शिकवलेलं सगळं मी करते आहे. पितळेचा म्हणून दिलेला तुकडा चुंबकाला चिकटतो, म्हणजे वरून नुसता मुलामा. एका दांड्यावर कानस घसरते, म्हणजे फार कडक, आपल्या लेथचं काम नाही. दुसरा सुतळीला टांगून टिचकी मारते तर ठस्स आवाज, आत कुठेतरी चीर. माझे हात कोपरापर्यंत काळे झाले आहेत आणि मला इतकी मजा येते आहे की कधी एकदा सगळा डोंगर उपसते असं झालंय. शेवटी दोन पट्ट्या उरतात. एक दीड हात लांब, चकचकीत, कडा अशा की रेघ मारावी. दुसरी वीतभर, काळी, अंगावर खपल्या धरलेली. दोन्हींवर कानस सारखीच लागते. तुमची नजर चकचकीत पट्टीवरून हलत नाही. याआधीच्या दोन्ही पट्ट्या तुम्ही तशाच निवडल्या होत्या.

मी काळी उचलली.

तुमचा चेहरा पडला, पण शब्द पाळलात. म्हातारा दुकानदार मात्र मान डोलावून म्हणाला, "बेबीने बराबर उठाया, साहेब." पडून राहिलेला माल खपवतोय, असं तुम्हाला वाटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

पुढचे रविवार तुम्ही मला लेथवर बसवलंत आणि स्वतः मागे उभे राहिलात. खपलीवर हत्यार नुसतं घासलं की धार जाते, पहिलाच काप खोल घे, खपलीच्या खालून, हे तेव्हा सांगितलंत. पहिल्या कापाबरोबर काळ्या सालीखालून पांढरंशुभ्र पोलाद निघालं आणि मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की आई लाटणं घेऊन धावत आली. मग मधला भाग कोरायची वेळ आली, जिथं आधीचे दोन्ही वाकले होते. कोरून झाल्यावर दांडा दोन टोकांत धरला, हळूहळू फिरवला, आणि तुम्ही त्याला खडू टेकवलात. वाकलेला असता तर एकाच बाजूला ठिपका पडला असता. पण आख्खं कडं उमटलं. तुम्ही पुन्हा पुसून पाहिलंत, पुन्हा कडं. मग तो खडू माझ्या हातात दिलात आणि व्हरांड्यातच दोन्ही हात वर करून नाचलात. पंधरा दिवसांनी वाफेऐवजी आईनं सायकलच्या पंपानं हवा भरली आणि इंजिन फटफट चाललं. असा आनंद मला पुढे माझं स्वतःचं वर्कशॉप उघडलं तेव्हाही झाला नाही.

काळी पट्टी का वाकली नाही, ते तुम्हाला मागाहून घाटकोपरच्या कारखान्यात लेथ चालवणाऱ्या एका टर्नरनं सांगितलं. चकचकीत पट्टी थंड असतानाच ओढून काढलेली असते, तिच्या अंगात ताण कोंडलेला राहतो, एका बाजूनं कापली की ती वाकते. काळी पट्टी तापवून लाटलेली, म्हणून ती जागची हलत नाही. झालं. त्या दिवसापासून भेटेल त्याला तुम्ही सांगत सुटलात, "माझ्या मुलीला नुसत्या नजरेनं पोलाद कळतं." समोरच्या काकूंना, ऑफिसातल्या साहेबांना, दूधवाल्याला. मला इंजिनिअरिंगला घालू नका म्हणणाऱ्या थोरल्या काकांनाही हेच सांगून गप्प केलंत.

नाना, मला काहीसुद्धा कळलं नव्हतं. आपण कुर्ल्याला गेलो त्या आठवड्यात समोरच्या काकूंनी माझ्यासाठी स्थळ आणलं होतं आणि मुलाची आई त्याच शनिवारी संध्याकाळी त्यांच्याकडे यायची होती. आदल्या खेपेला तुम्ही ती लांब पट्टी खांद्यावर टाकून, शर्टाला तेल फासून गल्लीतून आला होतात आणि सगळे गॅलरीत येऊन हसले होते. वीतभर पट्टी माझ्या कॉलेजच्या पिशवीत मावत होती. तेवढ्यासाठी ती घेतली. मला तुमची लाज वाटली होती.

पोलाद मी नंतर शिकले, तुमचं बोलणं खोटं पडू नये या धास्तीनं. तुम्ही गेलात तिथला पत्ता असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं. दवाखान्यात शेवटच्या दिवशीही तुम्ही नर्सला तीच गोष्ट सांगत होतात, आणि मी शेजारी उभी राहून हो म्हणत होते.