वीस टक्के उजेड

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी सगळं बदललं. तिनं नमुन्याची काळी काच उचलली, डोळ्यांसमोर धरली, तिच्यातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "यातून बरा दिसतोस."

कॉलेजात दीड वर्ष मी तिच्या मागच्या बाकावर बसलो. एक शब्द बोललो नाही. मग एकदा सरांनी मला उभं करून विचारलं, तुम्ही इथे नक्की कशासाठी येता? खरं उत्तर माझ्यासमोर पाठीवर वेणी टाकून बसलं होतं! ते देता येईना, म्हणून जर्नल त्यांच्या टेबलावर आपटलं आणि निघालो. परत गेलो नाही. तेव्हापासून मामाच्या दुकानात गाड्यांच्या काचांना फिल्म लावतो. आज तीन वर्षांनी ती इथे — नवी पांढरी गाडी घेऊन. आणि सोबत तो.

गॉगल. याहून बरं नाव देण्याची त्याची लायकी नाही. दुकानात, छपराखाली, डोळ्यांवर गॉगल! दर दोन वाक्यांनी दोन बोटांनी तो कपाळावर चढवतो, पुन्हा खाली ओढतो. लग्न ठरलंय, मे महिन्यात. मी विचारलं नव्हतं, त्यानंच सांगितलं.

चार नमुने घरी घेऊन गेलेत. गुरुवारी ठरवणार.

मंगळवार, ४

यातून बरा दिसतोस. म्हणजे एरवी नाही?

बुधवार, ५

गिऱ्हाईक हा प्राणी डोक्यात जातो. आज एकाला शेजाऱ्याच्या गाडीपेक्षा काळी हवी होती — किती काळी? "त्याच्यापेक्षा." दुसरा सत्तरची फिल्म मागून भांडला. सत्तर म्हणजे शंभरातला सत्तर उजेड आत येतो, जवळजवळ पारदर्शक, नुसतं ऊन अडवते. वीसची म्हणजे वीसच उजेड, काळीकुट्ट. याला वाटलं आकडा मोठा तितका काळोख मोठा. समजावलं तर म्हणे, मला शिकवू नका. नाही शिकवत बाबा!

मामाचा एकच हट्ट — फिल्म दाखवण्याआधी विचारायचं, गाडी कोण चालवणार आणि कुठल्या वेळेला. मामाला दुकान म्हणजे दवाखाना वाटतो.

मला दिवसभरात एकच जागा आवडते, कोपऱ्यातली केबिन. तिन्ही बाजूंनी काच, काचेला वीसची फिल्म, आत टेबल, खुर्ची, ट्यूबलाइट. मामा फिल्म चिकटवताना शटर पाडतो, पंखे बंद करतो, म्हणजे धूळ उडत नाही. मोठे दिवेही घालवतो आणि हातातला दिवा काचेला आडवा धरून बुडबुडे शोधतो. तेवढ्या वेळात मी केबिनमध्ये बसून गिऱ्हाइकाची नक्कल करतो. तेव्हा बाहेरचं नीट दिसत नाही, काचेत माझंच तोंड दिसतं. नकलेला तेच बरं. आणि गंमत म्हणजे शटर पडलं की झाडून सगळे केबिनकडे तोंड करून उभे राहतात. काळ्या काचेत स्वतःची थोबाडं बघतात, लेकाचे! काही तर बघून हसतातही.

गुरुवार, ६

आले. मामा रोल आणायला गेला होता, म्हणजे दुकान माझ्या ताब्यात.

गॉगलला काळीच हवी. आत कोण बसलंय ते लोकांना कशाला दिसायला हवं, म्हणाला. बसणार तूच ना? मग दिसू नये हेच बरं! हे मनात. तोंडानं आमचं नेहमीचं सांगितलं — संध्याकाळनंतर गाडीत दिवा लावू नका, लावलात तर बाहेरच्याला आतलं सगळं दिसतं आणि तुम्हाला बाहेरचं काही नाही. फिल्म ज्या बाजूला उजेड त्या बाजूला उघडं पाडते. त्यानं असं ऐकलं जसं मी गोष्ट सांगतोय.

ती मात्र सत्तरची काच हातात धरून होती. दातांच्या दवाखान्यात काम करते, साडेसातला सुटते, गाडी तीच चालवणार. हे सगळं मी न विचारता कळलं. मग गॉगलला फोन आला, तो बाहेर गेला, आणि ती म्हणाली, "तू सांग. तुला कळतं यातलं."

साडेसातला सुटणाऱ्या माणसाला वीसची फिल्म द्यायची नसते. अंधारात आजूबाजूचं दिसत नाही. दुकानातला झाडूसुद्धा हे सांगेल. पण गॉगलचं घर याच रस्त्याला, मे महिन्यानंतर ही गाडी रोज आमच्या दुकानावरून जाणार. तिच्या शेजारी तो. रोज!

मी म्हटलं, काळी.

"नक्की?"

नक्की, म्हटलं.

शुक्रवार, ७

फिल्म लावली. मागची काच मी घेतली होती, दोन वेळा सुरकुती पडली. मामा म्हणाला, हाताला काय झालंय आज, जाऊन आत बस. बसलो. शटर पडलेलं, दिवे गेलेले, मामा गाडीत अर्धा घुसलेला, ती दोघं केबिनबाहेर उभी, तो पाठ फिरवून फोनवर.

मग मी गॉगल केला. असा गॉगल कुणी केला नसेल! दोन बोटं कपाळावर, दोन बोटं खाली, छाती पुढे, फोन कानाला. मग राहवेना म्हणून दुसरंही केलं. रोलची रिकामी नळी हातात घेतली, टेबलाशेजारी गुडघ्यावर बसलो आणि कॉलेजात दीड वर्ष जे बोललो नाही ते सगळं बोललो. काचेतला मी बरा दिसत होतो. काचेपलीकडे तिची आकृती अंधुक, माझ्याच दिशेला तोंड. केस सारखे करत असेल म्हटलं. पण हात हलला नाही. मग एकदम वळली.

जाताना मामानं बजावलं, चार दिवस काचा खाली करायच्या नाहीत. ती माझ्याकडे न बघता गेली. गॉगल बघून गेला — काळ्या काचेत, स्वतःला!

शनिवार, ८

गाडी गेली समोरून. आतलं काही दिसलं नाही. छान लावलीय.

मंगळवार, ११

ती एकटी आली. चारही काचा खाली, फिल्मच्या कडा उचकटलेल्या. मी तोंड उघडणार होतो — चार दिवस थांबायला काय झालं होतं! बरं झालं उघडलं नाही.

काल संध्याकाळी दवाखान्याच्या फाटकातून गाडी मागे घेत होती. एक म्हातारा सायकल हातात धरून चालत होता. दिसलाच नाही. सायकलचं चाक वाकलं, म्हातारा हात टेकून बसला. मनगट मुरगळलंय, बाकी काही नाही. तिथून ती काचा खाली करूनच घरी गेली.

मामानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ही फिल्म तुम्हाला सांगितली कुणी?"

मी हातातल्या पाण्याच्या बाटलीकडे बघत राहिलो.

"मीच निवडली," ती म्हणाली.

मामानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काढ, म्हणाला, एकट्यानं, आणि सत्तरची लाव.

काढली. वाफ द्यायची, कोपरा उचलायचा, हळूहळू ओढायचं. बोटं भाजली. ती केबिनमध्ये माझ्या खुर्चीवर बसली होती. मामानं तिला चहा दिला. मग नवी लावायची म्हणून शटर पाडलं, पंखे बंद केले, मोठे दिवे घालवले. शेवटची काच झाल्यावर मी मान वर केली.

केबिन झगझगीत. ती दिसत होती. अंधुक नाही — पूर्ण! कपाचा तुटका कान, ओढणीवरचा चहाचा डाग, सगळं. तिनं कप ठेवला. माझ्याकडे बघून दोन बोटं कपाळावर नेली आणि डोळ्यांवर खाली ओढली. अगदी माझ्यासारखी.

हातातली पाणी निपटायची पट्टी खाली पडली.

शटर वर गेल्यावर ती किल्ली घ्यायला जवळ आली. म्हणाली, "गॉगलच्या नकलेला मी हसले. गुडघ्यावर बसलास तेव्हा नाही हसले." मग, किल्ली मुठीत आवळून, "काळी का सांगितलीस, तेवढं मला कळलेलं नाही. उद्या साडेसातला सुटते मी."

बुधवार, १२

मामाला विचारलं, केबिनमधलं दिसतं हे तुला माहीत होतं? म्हणाला, सगळ्यांनाच माहीत होतं. मग मला का नाही सांगितलंस? "अरे, गिऱ्हाइकं खूश असायची. मला वाटलं, मुद्दाम करतोस." तीन वर्षं! मी ज्यांना प्राणी म्हणत होतो ते उभ्यानं माझा तमाशा बघत होते.

केबिनची फिल्म काढून टाकली.

सात वाजलेत. काळी का सांगितली ते मला माहीत आहे, आणि ऐकल्यावर ती पुन्हा बोलणार नाही हेही. लग्न मे महिन्यात आहे, तेही. आधी म्हाताऱ्याची सायकल पोचवायची, सकाळी मागून आणून तिचं चाक सरळ केलंय. मग दवाखान्याचं फाटक. ट्यूबलाइट घालवली. दार ओढून घेतो.