चिरगाँववालीची सही

९ नोव्हें., रवि.
म्हणजे परत तेच. दादाला काही सांगून उपयोग नाही. म्हणे, परमुलखात जाऊन लोकांची स्ट्रेचरं ढकलतोस, भुसावळला काय स्ट्रेचरं नव्हती? होती ना. पण नववी नापासाला कोणी हात लावू दिला असता का त्यांना? आणि मी नुसतं ढकलत नाही. माणूस मशीनच्या नळीत गेला की आतून ठोकठोक सुरू होते, भले भले घाबरतात. पाय तेवढे बाहेर असतात. त्या पायाचा अंगठा धरून मी उभा राहतो. कोणीतरी आहे म्हटलं की माणूस हलत नाही. हलला की डोक्याचा फोटो वाया. हे मागच्या फोनलाही सांगितलं होतं. दादा म्हणाला, "अंगठे धरायचा पगार देतात होय." आईने फोन घेतला तोवर माझं बोलायचं मन गेलं. थंडी पडली का म्हणाली. पडली.

११ नोव्हें.
एमआरआय सेंटरवर सगळं मॅडमच्या पेपरपायी उलटंपालटं. मॅडम इथल्याच, ओरछा गेटच्या आतल्या, पिढ्यान् पिढ्या झाशीत राहिलेल्या मराठी घरातल्या. माझ्याशी मराठीत सुरू करतात आणि वाक्य संपेपर्यंत हिंदीत पोचतात. डोक्यात किडा बसून झटके येणाऱ्या पेशंटांवर इतकी वर्षं काम केलं, ते आता इंग्रजीत लिहून बाहेरदेशच्या मासिकाला पाठवायचंय. महिनाअखेर शेवटची तारीख. मी जुन्या सीड्या शोधून देतो. मशीन चालवणारे पटेरिया भैया फोटोच्या कोपऱ्यातली नावं पुसतात, मॅडम परत तपासतात. मग चहा. मग भांडण, बाण कुठे काढायचा यावर.

१२ नोव्हें.
सगळ्यांत चांगली जोडी एकीचीच निघाली. गोळ्या सुरू व्हायच्या आधीचा फोटो: पांढरा ठिपका, भोवती कडं. गोळ्या संपल्यानंतरचा: काही नाही, साफ. बाकीचे दुसऱ्या वेळी थोडे थोडे हललेत, फोटो पुसट. ही हलली नाही. चिरगाँवची. नाव इथेही लिहीत नाही, तिच्या वडलांनी तेव्हा हात जोडले होते की कुठे नाव नको. मला आठवते ती. मी अंगठा घट्ट धरला होता तर नळीतून आवाज आला, भैया ढीला पकड़ो, भाग नहीं रही.
मॅडम म्हणाल्या, ही जोडी नसेल तर पेपरात दाखवायचं काय? नुसते आकडे कोण बघतो.

१४ नोव्हें.
अडलं. मासिकाचा नियम आहे, ज्याचं डोकं त्याची सही पाहिजे, छापायला हरकत नाही म्हणून. बाकीच्यांच्या आहेत. हिची नाही. मॅडमनी तिच्या वडलांना फोन केला. दुबेजी. लसूणसुद्धा खात नाहीत घरात. त्यांनी ऐकून घेतलं आणि ठेवून दिला. परत लावला तर बंद.
पटेरिया म्हणाले, पंडितजी के घर में सुअर वाला कीड़ा, कौन दस्तखत देगा. मॅडम चिडल्या. खाण्याचा संबंध नाही म्हणे, त्याची अंडी घाण पाण्यातून येतात, न धुतलेल्या भाजीतून येतात, शुद्ध शाकाहारी पण सुटत नाही. खरं असेल. पण किडा म्हटलं की इकडे लोकांना डुक्करच दिसतं. तिकडे आमच्याकडे तरी काय वेगळं.
मग मला म्हणाल्या, "तू जाऊन ये ना रे. तुला मानतात ते." जमलं तर वेगळं काहीतरी देईन असंही म्हणाल्या. मी लगेच हो. बाहेर पडायला मिळतं म्हटलं की माझे पाय आधी उठतात.

१६ नोव्हें., रवि.
चिरगाँवहून आलो. जेवलो नाही.
क्रमाने लिहितो. बसमधून उतरलो, विचारत विचारत घर गाठलं. अंगणात खाटा टाकलेल्या, त्यांवर चार-सहा माणसं, मध्ये थाळीत पेढे. मला वाटलं घरचेच. दुबेजींनी मला बघितलं आणि तोंड उतरलं त्यांचं. पुढे येऊन हळू आवाजात म्हणाले, भैया, फिर कभी आना. मला वाटलं सहीसाठी टाळतायत. आणि कोणी टाळलं की माझं तोंड सुटतं, लहानपणापासून. हसत हसत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "चाचाजी घबराओ मत, बिटिया के सिर का कीड़ा मर गया, अब एकदम साफ है. बस एक दस्तखत चाहिए."
एका म्हाताऱ्याने हातातला पेढा परत थाळीत ठेवला.
ते गुरसरायचे होते. मुलाकडचे. लग्नाची तारीख काढायला आलेले.
दुबेजी मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. ओरडले असते तर बरं. म्हणाले, "दुश्मन भी इत्तो नईं करत, भैया." आणि परत वळले. दारात ती उभी होती. माझ्याकडे नाही, खाटांकडे बघत होती.

१७ नोव्हें.
मॅडमना सांगितलं. लपवून काय, उद्या कळलंच असतं. त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला. पटेरिया म्हणाले, तुम्हारी जबान में ब्रेक नहीं है. मॅडम त्यांना म्हणाल्या, तिचा फोटो पेपरातून काढून टाका. पटेरियांनी काढला. त्या जागी दुसऱ्या कोणाचा तरी पुसट घातला.
संध्याकाळी निघताना बघितलं, मॅडमनी परत तिचाच लावला होता. मला बघून म्हणाल्या, राहू दे तूर्तास. जागा बघत होते.

१९ नोव्हें.
काही नाही. एका पेशंटचं स्ट्रेचर दाराला धडकवलं. पटेरियांनी येऊन नुसती चाकं सरळ केली, ते जास्त लागलं.

२२ नोव्हें., शनि.
ती आली. एकटी, बसने. मी जिन्यावर होतो, मला ओलांडून वर गेली.
मॅडमना म्हणाली, माझा फोटो आधी बघायचा. पटेरियांनी पडद्यावर लावला. हा माझा? हो. आणि हा? हा पण तुझाच. तिने ठिपक्यावर बोट ठेवलं, काचेवर. चेहरा ओळखू येईल का विचारलं. मॅडम म्हणाल्या, नाही बेटा, हे आतलं आहे, आतून सगळे सारखेच दिसतात. नाव कुठे येणार नाही.
"नाम का अब क्या करूँ, मैडम. छिपाने को बचा क्या है. लाओ पेन."
मॅडमनी पेन दिलं नाही. खरं सांगतो, मला वाटलं होतं लगेच देतील. म्हणाल्या, गुस्से में दस्तखत मत करो, घर जाके सोचो.
"सोचने का काम तो अब गुरसराय वाले कर रहे हैं."
पटेरियांच्या खिशातलं पेन तिने स्वतः काढून घेतलं आणि सही केली. पूर्ण नाव, सावकाश. मग माझ्याकडे वळली. आल्यापासून पहिल्यांदा.
"सच बोले थे न उस दिन? साफ है?"
म्हटलं, साफ आहे.
"तो वहाँ जाके बोलो. जित्ती जोर से हमारे आँगन में बोले थे."

२३ नोव्हें., रवि.
सुट्टी असून मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. पटेरियांनी जिलेबी आणली, फत्ते म्हणाले, माझ्या तोंडात कोंबली. मॅडमनी सगळ्यांसमोर पाकीट दिलं, याच्यामुळे सही आली म्हणून. कशामुळे आली ते सगळ्यांना माहीत. तरी टाळी वाजवली कोणीतरी.
नंतर मॅडमना गाठून म्हणालो, गुरसरायला चला. माझं कोण ऐकणार, तुम्ही डॉक्टर. म्हणाल्या, पेपर जाऊ दे, मग जाऊ. मी म्हटलं आधी. पेपरला तारीख आहे म्हणाल्या. मी म्हटलं तिलाही होती. त्यावर मॅडम अशा काही बघायला लागल्या.
"तोंड कोणी उघडलं होतं रे?"
खरंच आहे. खाली येऊन नळाखाली हात धुतले, जिलेबीचे, किती वेळ धुतले कुणास ठाऊक.
जाताना जिन्यातून त्यांचा आवाज: बुधवारी सकाळी निघू. स्वेटर घाल.

२६ नोव्हें., बुध.
गुरसराय. मॅडमच्या आजोळची तिथे कोणा काळची ओळख, त्यामुळे दार तरी उघडलं. तोच म्हातारा. मला ओळखलं, पण बस म्हणाला नाही. मॅडम बसल्या, मी उभा.
मॅडमनी दोन्ही फिल्मा खिडकीच्या उजेडात धरल्या. किडा कसा येतो, कसा जातो, पाणी, भाजी, सगळं. म्हाताऱ्याने दोनच गोष्टी विचारल्या. पुढे मुलांबाळांना होईल का. घरात कोणी काही खाल्लं होतं का. मॅडमनी दोन्हीला नाही म्हटलं. तो म्हणाला, हओ, आप पढ़ी-लिखी हो, ठीकइ कहत हुइयो. पण मान हलली ती कुठल्या बाजूला हलली ते कळेना.
मग मला बोलावं लागलं. जितक्या जोराने तिथे बोललो होतो तितक्या जोराने इथे निघेना. म्हटलं, दोन्ही वेळा मी तिथे होतो. दुसऱ्या वेळी डोक्यात काही नव्हतं. चूक माझी, मुलीची नाही.
मुलगा दाराशी होता. आम्ही निघालो तेव्हा त्याने फिल्म मागून घेतली, अंगणात उन्हात जाऊन धरली. बराच वेळ. परत देताना मला विचारलं, झटका आता था तो दर्द होता था उसको?
मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नाही तिला.
चहा दिला त्यांनी. साखर जास्त. मॅडम म्हणाल्या चहा दिला म्हणजे चांगलं. परतताना मोंठजवळ बस थांबली तेव्हा मॅडम म्हणाल्या, तिचा फोटो काढून टाकला तर चालेल का असं मी स्वतःला विचारतेय. मग म्हणाल्या, तू मत बोल कुछ.

२८ नोव्हें.
फोटो राहिला. मॅडमनी ठरवायच्या आधी तिलाच फोन केला, अजून नको म्हणालीस तर काढते. ती म्हणाली, रखो, मैंने लिख के दिया है. गुरसरायचं काही आलं का विचारलं तर म्हणाली, नाही.
बाकी सगळा दिवस मासिकाच्या वेबसाइटशी झुंज. फोटो मोठा आहे म्हणते, लहान केला तर अंधूक आहे म्हणते. पटेरियांनी कीबोर्ड आपटला. मॅडमनी त्यांना पाणी दिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, असं पटेरिया नंतर म्हणाले.

३० नोव्हें., रवि.
पेपर गेला. मॅडमनी बटण दाबलं, मग हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. मला वाटलं होतं काहीतरी वाजेल, नाहीतर काही. नुसती एक ओळ आली, मिळाला म्हणून. आता तिकडचे लोक वाचणार, मग हो-नाही कळवणार. महिने लागतात म्हणे. घ्यायचं नसेल तर लवकर कळतं.
दुबेजींना फोन लावून बघितला. रिंग गेली. उचलला नाही, पण बंदही नाही.

१ डिसें., सोम.
गुरसरायहून काही नाही. मॅडम म्हणतात, नाही म्हणायचं असतं तर एव्हाना म्हणाले असते. पटेरिया म्हणतात, हाँ कहना होता तो भी कह देते.
पाकीट मॅडमना परत दिलं. वेडा आहेस का, तुझ्या मेहनतीचे आहेत म्हणाल्या. म्हटलं, असू दे मॅडम. का ते नीट सांगता आलं नाही, त्यांनीही जास्त विचारलं नाही, खणात टाकलं. जमिनीवरच्या वायरीत पाय अडकून पडता पडता वाचलो, तेवढंच हसले सगळे.
पगार आज झाला. खोली, जेवण, गुरसरायची माझी बस जाऊन उरले ते उद्या आईला पाठवतोय. चार हजार दोनशे.